भाता

माझ्याकडे बाबांच्या वाजवण्याच्या अकरा फायली आहेत. सगळ्या मिळून १२० किलोबाइटही भरत नाहीत. सकाळी फोनवर येणारा सुप्रभातचा एखादा फुलांचा फोटोसुद्धा याहून जास्त जागा खातो. एवढ्याशा जागेत सव्वा तासाचं पेटीवादन आहे असं मी सांगितलं, की संगणकातलं कळणारे लोक लगेच म्हणतात, "म्हणजे मिडी असणार." मिडीच आहे. आणि मिडी असल्यामुळेच त्या सव्वा तासात बाबांच्या पेटीचा एकही सूर नाही.

बाबा वडोदऱ्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आमचं घर दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत. दर गुरुवारी घरी दत्ताचं भजन असायचं आणि त्यात पेटीवर बाबा. शिकलेले नव्हते, ऐकून ऐकून वाजवायचे. मी आठ वर्षांची असताना ते स्कूटरवरून पडले आणि त्यांचा डावा खांदा कायमचा दुखरा झाला. पेटीचा भाता डाव्या हातानं मारायचा असतो. मग ते काम माझ्याकडे आलं. पेटीचा भाता मागच्या बाजूला असतो, म्हणून मी त्यांच्यासमोर तोंड करून बसायचे. ते उजव्या हातानं वाजवायचे, मी भाता मारायचे. स्वरपट्ट्या मला दिसायच्या नाहीत, बाबांचा चेहरा दिसायचा. त्यांची भुवई वर गेली की वारा वाढवायचा, डोळे मिटले की कमी करायचा. सुरुवातीला मी जोर लावून भाता ढकलायचे आणि सूर उचक्या दिल्यासारखा यायचा. बाबा वाजवता वाजवताच पुटपुटायचे, "वारा पुरव. धक्के देऊ नकोस."

नऊ-दहा वर्षं मी त्यांना वारा पुरवला. मग इंजिनिअरिंगला गेले आणि गुरुवार सुटले. भजनातलं कुणीतरी भाता मारायचं, कधी बाबा स्वतःच मारायचे आणि रात्री खांद्याला शेक घ्यायचे.

१९९८ साली घरी जुना संगणक आला. त्याला एक स्वस्त साउंड कार्ड होतं. कार्डाच्या मागे जॉयस्टिक लावायला पंधरा पिनांची एक खाच असायची. त्याच खाचेला एक खास केबल लावली की इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड जोडता येतो, हे मला हॉस्टेलवर कळलं होतं. एका मैत्रिणीचा कीबोर्ड उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता मागून आणला. बाबांना म्हटलं, "बाबा, याला भाताच नाही. खांदा दुखायचा प्रश्नच मिटला. तुम्ही वाजवा, संगणक सगळं लिहून घेईल. कधी खराब होणार नाही."

"भाता नाही तर हा दम कुठून घेतो?" त्यांनी विचारलं.

"विजेवर चालतो."

ते हसले. पण माझा हिरमोड नको म्हणून चार-पाच संध्याकाळी वाजवायला बसले. डावा हात मांडीवर ठेवलेला, उजवा पट्ट्यांवर. अकरा वेळा मी रेकॉर्डचं बटण दाबलं. शेवटच्या दिवशी सगळं संगणकावरून ऐकवलं. खेळण्यातल्या पियानोसारखा टिणटिणाट बाहेर आला. मी घाईघाईनं वाद्य बदललं, ऑर्गन लावला. तर तो मधेच ओरडायचा, मधेच पुटपुटायचा. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी कुठेच जोरात वाजवलेलं नाही. मग हा मधेच ओरडतो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उठले, देवापाशी दिवा लावायला गेले. त्यानंतर त्यांनी त्या कीबोर्डाला हात लावला नाही.

आता जे सांगायचंय ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. आमच्याकडे गुरुवारच्या भजनाच्या दोन कॅसेट होत्या. बाबांच्या एका मित्रानं टेपरेकॉर्डर मधे ठेवून भरलेल्या. त्यात खरखर होती, टाळ कानाजवळ आणि पेटी लांब होती. सुट्टी संपताना मी त्या दोन्ही कॅसेटवर हॉस्टेलला न्यायला सिनेमाची गाणी भरली. माझ्या मते बाबा आता संगणकात होते, स्वच्छ, खरखरीशिवाय. पुढच्या सुट्टीत घरी आले तेव्हा त्यातली एक कॅसेट मी टेपमध्येच विसरून गेले. गुरुवारी बाबांनी ती लावली. सिनेमाचं गाणं सुरू झालं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग "हेही चांगलं आहे" म्हणाले आणि टेप बंद केला. मला एक शब्द बोलले नाहीत.

२००९ साली बाबा गेले.

मिडी म्हणजे काय, हे मला तेव्हा वापरण्यापुरतंच माहीत होतं. ती १९८३ साली आलेली एक भाषा आहे. एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नव्हतं, त्यांच्यात ठरलेली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला, आणि तीस वर्षांनी, २०१३ साली, दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. भाषा अगदी साधी आहे. पट्टी दाबली की तीन आकडे जातात: कोणत्या वाहिनीवर काय झालं, कोणती पट्टी, किती वेगानं दाबली. उदाहरणार्थ १४४, ६१, ७२. म्हणजे पहिल्या वाहिनीवर ६१ नंबरची पट्टी, आपली मधली काळी एक, ७२ इतक्या वेगानं खाली गेली. बोट उचललं की आणखी तीन आकडे. बस. आवाज कसा होता, हे त्यात कुठेच नाही. मिडीची फाईल म्हणजे वाजवणाऱ्याच्या बोटांचा जमाखर्च. आवाज द्यायचं काम ऐकवणाऱ्या यंत्राचं.

१९९८ सालच्या आमच्या कार्डाकडे द्यायला आवाज नव्हताच. ते गणित करून लहरी तयार करायचं आणि त्याला व्हायोलिन, ऑर्गन अशी नावं द्यायचं. महागड्या कार्डांची गोष्ट वेगळी होती. साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई ३२ नावाचं कार्ड १९९४ साली आलं. त्यात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे होते, आणि हवे ते तुकडे आपण स्वतः भरावेत म्हणून ५१२ किलोबाइट मोकळी जागा होती. सीडीच्या दर्जाचा एकेरी आवाज धरला तर जेमतेम सहा सेकंद. त्या तुकड्यांची गाठोडी बांधायची जी पद्धत ई-म्यू आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांनी काढली, तिचं नाव साउंडफाँट.

नाव नेमकं आहे. मराठी वाचकाला तर ते समजावून सांगायलाच नको. युनिकोड यायच्या आधी श्रीलिपीत किंवा शिवाजीत टाईप केलेला लेख आपल्यापैकी अनेकांनी दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहिला आहे. फाईल तीच, एक अक्षर हललेलं नाही, पण तो फाँट तिथे नसला की पडद्यावर नुसता कंसांचा आणि रोमन अक्षरांचा कचरा. मजकूर हरवलेला नसतो, त्याला दिसायला अंग नसतं. बाबांच्या अकरा फायलींचं तेच झालं होतं. फ्लॉपीवरून २००३ साली मी त्या एका सीडीवर उतरवल्या होत्या आणि विसरले होते. २०२१ च्या टाळेबंदीत, बंगळुरूच्या घरात कपाट आवरताना ती सीडी सापडली.

आता साउंडफाँटसाठी कार्ड लागत नाही. फ्लुइडसिंथसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. त्यांना एका बाजूनं मिडीची फाईल आणि दुसऱ्या बाजूनं साउंडफाँट दिला की ती दोन्ही जोडून आवाज काढतात. मी जवळजवळ दीडशे मेगाबाइटचा एक प्रसिद्ध साउंडफाँट उतरवून घेतला. त्यात आख्खा वाद्यवृंद होता. मिडीच्या जगात वाद्यांची एक ठरलेली यादी आहे, १९९१ सालची. १ ते १२८. पहिला पियानो, शेवटचा बंदुकीचा बार. मधे हेलिकॉप्टर आहे, टाळ्यांचा कडकडाट आहे. १०५ वर सतार आहे, ११२ वर 'शनाई' आहे. पेटी नाही. तालवाद्यांच्या वेगळ्या यादीत ४७ आवाज आहेत, त्यात बाँगो आहे, काँगा आहे, तबला नाही. आमच्या गुरुवारातलं एकही वाद्य या दोन याद्यांत नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून २१ नंबरचा रीड ऑर्गन निवडला.

आवाज सुरेख होता. एखाद्या मोठ्या चर्चमध्ये वाजतोय असा घुमत होता. मी तो फोनवरून आईला पाठवला, काही न सांगता. तिनं पूर्ण ऐकला आणि उलट फोन केला.

"छान आहे गं. कोणी वाजवलंय?"

मी म्हटलं, असंच, मिळालं कुठेतरी. खरं सांगायचा धीर झाला नाही.

त्यानंतर महिनाभर मी साउंडफाँट गोळा करत राहिले. ॲकॉर्डियन लावून पाहिला, टँगो ॲकॉर्डियन लावून पाहिला. इंटरनेटवर पेट्यांचे साउंडफाँटही मिळाले, कुणी कुणी हौसेनं केलेले. एक तर खरोखर चांगला होता. पण प्रत्येक वेळी बाबा दुसऱ्याच्या घरी जाऊन दुसऱ्याची पेटी वाजवताहेत असं वाटायचं. आणि प्रत्येक पेटी मधेच ओरडायची, मधेच पुटपुटायची. १९९८ सालची तक्रार तिथेच होती.

संगीतातले जाणकार स्नेही म्हणाले, "मिडीचा नाद सोड. ठोकळे आहेत ते. दोन सुरांच्या मधलं काही त्यात येतच नाही. आपलं संगीत मधल्या जागेत आहे." हे ऐकून मला हसू आलं, कारण हेच आरोप मी बाबांच्या तोंडून पेटीबद्दल ऐकले होते. पेटी मूळची युरोपातली, एकोणिसाव्या शतकात इकडे आली. तिच्यावर मींड घेता येत नाही, तिचे सूर खिळे ठोकल्यासारखे, श्रुती तिला माहीत नाहीत, असं म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिला दाराबाहेर ठेवलं. रवींद्रनाथांनाही ती आवडायची नाही. सुमारे तीन दशकं रेडिओवर पेटी वाजली नाही. १९७१ च्या सुमारास दार किलकिलं झालं. बाबा ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. शेवटी म्हणायचे, "पण त्या सगळ्या वर्षांत घरोघरी, देवळात, नाटकात काय वाजत होतं? गोविंदराव टेंबे काय वाजवत होते? ठोकळ्यांतून मींड काढायची असते बोटांनी. सूर सोडायच्या आधी पुढचा धरायचा."

शेवटचं वाक्य मला त्या महिन्यात पुन्हा आठवलं आणि मी वडोदऱ्याचं तिकीट काढलं.

बाबांची पेटी आईनं चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली होती. तीन सप्तकांची, ३७ पट्ट्यांची, खर्ज आणि नर अशा दोन ओळी सुरांची. सूर पालिताण्याचे. आमच्या गुजरातेतलं ते जैनांचं तीर्थ, पण पेटीवाल्यांना ते आठवतं सुरांसाठी. पितळी पट्टीवर बसवलेली ती जीभ तिथे पिढ्यानपिढ्या बनत आलीय. दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी भाता दाबून पाहिला, चार पट्ट्या वाजवल्या आणि म्हणाले, "बेन, सूर अजून चांगले छे. साफ करून, घासून पाडून देतो." सूर चढवायचा तर जिभेचं टोक घासतात, उतरवायचा तर बुडाशी घासतात. मी म्हटलं, "काका, आता काही घासू नका. फक्त भात्याचं भोक बुजवा." ते माझ्याकडे बघत राहिले. दुरुस्तीला बोलावून दुरुस्ती नको म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं.

मला पेटी होती तशी हवी होती. साउंडफाँट करायचा म्हणजे वाद्याचा एकेक सूर वेगवेगळा ध्वनिमुद्रित करायचा, आणि कोणता तुकडा कोणत्या नंबरच्या पट्टीला द्यायचा हे बांधून ठेवायचं. मे महिना होता. दिवसा रस्त्यावर हॉर्न, घरात पंखा. म्हणून रात्री दोन वाजता सुरुवात केली. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्या बंद. आई जागीच राहिली. मी एका हातानं भाता मारत, दुसऱ्या हातानं एक पट्टी दहा सेकंद धरून ठेवायची, सोडायची, तिचा शेवटचा सुस्कारा संपेपर्यंत थांबायचं, मग पुढची. घाम डोळ्यांत उतरत होता. दोनदा कुत्री भुंकली, एकदा आई खोकली, ते सूर पुन्हा घ्यावे लागले. मधल्या सप्तकातली पांढरी सात वाजलीच नाही. आई म्हणाली, "ती तर ते होते तेव्हापासूनच अडायची. ते चुकवून वाजवायचे." पहाटे साडेचारला ३६ सूर जमा झाले होते. ती एक जागा शेजारच्या काळी पाचला अर्धा सूर चढवून भरली. तुकडा सुमारे सहा टक्के जास्त वेगानं वाजवला की सूर तेवढा चढतो. जवळच्या पट्टीपर्यंत हे चालून जातं. फार लांब ताणलं की पेटी कार्टूनसारखी बोलू लागते.

बंगळुरूला परत आल्यावर दोन महिने रोज रात्री पॉलिफोन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सूर बांधत बसले. ध्वनिमुद्रण दहा सेकंदांचं, पण बाबांनी सूर वीस सेकंद धरला असेल तर? म्हणून तुकड्याच्या मधला एक भाग निवडून तो गोल फिरवायचा असतो. जिथे संपतो तिथून पुन्हा जिथे सुरू होतो तिथे. दोन्ही टोकांना लहर सारखी नसेल तर प्रत्येक फेरीला टक असा आवाज येतो. ते जमवलं तरी दुसरी अडचण असते. खर्ज आणि नर हे दोन सूर एकमेकांशी केसाएवढे सरकलेले होते, त्यामुळे प्रत्येक स्वराला एक संथ हेलकावा होता. तो हेलकावा अर्धवट कापला गेला की सूर लंगडतो. पूर्ण एक किंवा पूर्ण दोन हेलकावे मोजून घ्यावे लागत. ३६ सुरांचे ३६ वेगळे हेलकावे होते. इतक्या वर्षांत मी बाबांची पेटी इतक्या जवळून कधी ऐकली नव्हती.

सॉफ्टवेअर प्रत्येक सूर मोजून सांगायचं, इतका उतरलेला आहे, सुधारू का? मधली पांढरी चार १३ सेंट उतरलेली निघाली. सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. मी 'हो'वर बोट नेलं आणि थांबले. बाबा काळी एकमध्ये वाजवायचे. काळी एकचा गांधार म्हणजे पांढरी चार. आणि शुद्ध गांधार पियानोच्या समान वाटणीतल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खालीच असतो. ती चूक नव्हती. कुणीतरी, बहुधा त्याच काकांनी, वर्षांपूर्वी बाबांच्या पट्टीसाठी तो गांधार कानानं लावून दिला होता. मी एकही सूर सुधारला नाही.

आणि मग ओरडण्याचं कारण सापडलं. मिडीतला तिसरा आकडा, पट्टी किती वेगानं दाबली तो, ० ते १२७. पियानोत बोट जोरात पडलं की आवाज मोठा येतो, म्हणून साउंडफाँटमध्ये मुळातच असं गृहीत धरलेलं असतं की आकडा मोठा तर आवाज मोठा आणि जास्त लख्ख. पेटीला बोटाचं वजन कळत नाही. पट्टी उघडी किंवा बंद, आवाज लहानमोठा होतो तो वाऱ्यानं. आयुष्यभर पेटी वाजवलेल्या माणसाला बोट किती जोरात पडतंय याची फिकीर नसते. बाबांच्या फायली उघडून आकडे वाचले: अंगठा पडला की ९८, अनामिका पडली की ४१. स्वराशी त्याचा काही संबंध नाही. ते यंत्र बाबांच्या बोटांचं वजन मोजून त्याला संगीत समजत होतं. "मी कुठेच जोरात वाजवलेलं नाही," ते म्हणाले होते. तेवीस वर्षांनी मी साउंडफाँटमधला तो संबंध शून्य केला आणि ओरडणं थांबलं.

उरलेला दोष आपोआप गेला. पडद्यावर प्रत्येक सूर आडव्या पट्टीसारखा दिसतो, जितका वेळ धरला तितकी लांब. बाबांची जवळजवळ प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीवर किंचित चढलेली होती, ३०-४० मिलिसेकंद. सॉफ्टवेअरमध्ये असले शेव नीट कापायचं, ठेक्याला चिकटवायचं बटण असतं. एका फायलीवर मी ते १९९८ सालीच दाबलं होतं आणि ती फाईल आजही कवायतीसारखी वाजते. बाकीच्या दहा वाचल्या. टिणटिणत्या आवाजात तो चढलेला भाग नुसता गिचमिड वाटायचा. आता बाबांच्याच पेटीच्या सुरांत तो वाजला आणि एक सूर दुसऱ्यात उतरल्यासारखा ऐकू आला. सूर सोडायच्या आधी पुढचा धरायचा. ते सगळं त्या १२० किलोबाइटांत पहिल्यापासून होतं.

तरीही काहीतरी सपाट होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबाचा वारा, हवा भरलेल्या रबरी पिशवीसारखा. दोन-तीन दिवस मला ते कळेना. मग कळलं. भात्याची नोंदच नव्हती. कीबोर्डाला भाता नव्हता, आणि बाबांचा डावा हात मांडीवर होता.

मिडीत यासाठी सोय आहे. ११ नंबरचा संदेश असतो, एक्स्प्रेशन नावाचा. सूर चालू असताना त्याचा जोर कमीजास्त करतो. माऊसनं पडद्यावर चढउताराची रेघ काढली की झालं. मी एका फायलीवर काढून पाहिली. गुळगुळीत टेकड्या आल्या, आवाजही छान आला. पण दुसऱ्याच्या सहीसारखी सही करताना हात जसा अवघडतो तसं वाटलं. ते पुसून टाकलं. माझ्याकडे एक छोटा कीबोर्ड होता, त्यावर वरखाली सरकवायची एक पट्टी आहे. ती ११ नंबरला जोडली. एका बाजूनं बाबांची फाईल सुरू केली आणि ती पट्टी मी डाव्या हातानं सरकवू लागले.

पहिले कित्येक प्रयत्न वाईट गेले. खऱ्या पेटीत बाहेरच्या भात्याच्या आत आणखी एक भाता असतो. आपण मारलेले धक्के तो पोटात घेतो आणि सुरांना सारखा वारा देतो. माझ्या प्लास्टिकच्या पट्टीला पोट नव्हतं. शिवाय समोर बाबांचा चेहरा नव्हता. भुवई केव्हा वर गेली हे कसं कळणार? मग फायली इतक्या वेळा ऐकल्या की कुठे ते घेणार आहेत आणि कुठे सोडणार आहेत, हे आधीच समजू लागलं. जिथे दोन ओळींमध्ये ते नेहमीपेक्षा क्षणभर जास्त थांबतात, तिथे पुढे वारा लागतो.

दिवाळीत वडोदऱ्याला गेले. लॅपटॉप, लहान स्पीकर, कीबोर्ड सगळं घेऊन. या वेळी आईला आधीच सांगितलं, बाबांचं आहे, १९९८ सालचं. ती पाटावर बसावी तशी सरळ होऊन खुर्चीत बसली. मी तिसरी फाईल लावली आणि डावा हात पट्टीवर ठेवला. पांढरी सात जिथे यायला हवी तिथे बाबांनी ती चुकवली होती. अडत नसलेल्या कीबोर्डावरसुद्धा. हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं, आईनं बोट वर करून दाखवलं.

साडेसहा मिनिटांनी फाईल संपली. आई काही वेळ काहीच बोलली नाही. मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "भाता अजून तसाच मारतेस. धक्के देत."

मी म्हटलं, "हो."

"पुन्हा लाव," ती म्हणाली. "आणि हळू."

मला वाटलं होतं, चांगल्या जमलेल्या एका वेळचं ध्वनिमुद्रण करून ठेवावं आणि मोकळं व्हावं. ते अजून केलेलं नाही. एकदा कॅसेट पुसली तशी ही भीती आहेच की काही झालं तर हेही जाईल, म्हणून फायली आणि साउंडफाँट चार ठिकाणी ठेवलेत. पण भात्याची नोंद मात्र कुठेच ठेवलेली नाही. गुरुवारी कामावरून आले की एखादी फाईल लावते आणि वारा पुरवते. त्या दिवशी आईनं सांगितल्यापासून थोडा हळू.